यजमान फौजेतून आले, आता झोपेत ओरडतात

"चोवीस वर्षं नोकरी केली तेव्हा काही झालं नाही. घरी येऊन दोन वर्षं झाली आणि आता झोपेत ओरडतात. सांगितलेलं ऐकत नाहीत. लोक म्हणतात बाहेरचं असेल. हे वेडाकडे चाललंय का? डॉक्टरकडे नेलं तर पेन्शन जाईल का?" सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आमच्याकडे आलेल्या ताईंचे, नवऱ्याबद्दलचे हे प्रश्न. माजी सैनिकांच्या घरांतून ते वारंवार येतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हे वेड नाही, आणि उपचार घेतल्याने निवृत्तिवेतन थांबत नाही. एवढं ऐकूनच ताई जरा सावरल्या.

यजमान तोफखान्यातले. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धात, द्रासला बोफोर्स तोफेवर होते, वय २१. हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावात अर्थातच 'मेजर'. नोकरीत असताना पहाटेची पीटी, संध्याकाळचा रोल कॉल आणि सोबतची माणसं यांनी त्यांना धरून ठेवलं होतं. घरी दिवस रिकामा झाला आणि दाबलेलं वर आलं. आघातानंतरचा ताणविकार असा कित्येक वर्षांनीही उसळतो.

"मनातलं बोलून टाका" असा आग्रह घरच्यांनी धरला होता. तो आधी थांबवला. झोप नसलेल्या माणसाकडून युद्धाच्या आठवणी उकरून काढल्या तर त्रास वाढतो. आधी रात्र, कान आणि दारू, बोलणं नंतर.

रात्रीचं असं होतं. ते ओरडले की ताई खांदा धरून हलवायच्या. एकदा त्यांनी झोपेतच मनगट पकडलं, बांगड्या फुटल्या, हातात काच गेली. जागे झाल्यावर रक्त बघून ते पडवीत जाऊन बसले आणि तेव्हापासून तिथेच झोपू लागले. यात राग नव्हता. अर्धवट झोपेत अंगाला लागलेला हात शरीराला हल्ला वाटतो. म्हणून ठरलं ते असं: हात लावायचा नाही. पायाकडे, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं, दिवा लावायचा आणि नेहमीच्या आवाजात म्हणायचं, "अहो, मी आहे. आपण घरी आहोत. तीन वाजलेत." डोळे उघडले की पाय गार फरशीवर, घोटभर पाणी. मग चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. स्वप्नात काय होतं, ते विचारायचं नाही. हे सगळं दिवसा, ते जागे असताना, दोघांनी तीनदा करून पाहिलं. रंगीत तालीम झाली नाही की रात्री घाबरून हात पुन्हा खांद्यावरच जातो.

"ऐकत नाहीत" याचा उलगडा कानाच्या तपासणीत झाला. तोफांच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं. बोलण्याचा आवाज पोहोचतो, पण 'स', 'श' सारखी अक्षरं गळतात, म्हणून शब्द कळत नाही. ताई स्वयंपाकघरातून पाठमोऱ्या बोलायच्या, ते गप्प राहायचे, आणि भांडण. आता श्रवणयंत्र आहे, आणि घरचे समोर येऊन बोलतात. निम्मी भांडणं इथेच मिटली. माजी सैनिकाच्या घरी ही तपासणी अगदी आधी व्हावी, असं आमचं ठाम मत आहे.

दारू झोपेसाठी सुरू झाली होती: कॅन्टीनची रम, दोन पेगांवरून रोज अर्ध्या बाटलीपर्यंत. रमने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप फाटते आणि स्वप्नं जोरात येतात. ताईंनी बाटल्या ओतून टाकायचं ठरवलं होतं, ते थांबवलं. रोज इतकी पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. त्यासाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मानसोपचारतज्ज्ञांसाठी रेफरल घ्यायचा. औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत "फरक नाही" म्हणून गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक.

दोन महिन्यांनी, झोप सलग पाच तासांवर आल्यावर, आठवणींवरचं काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे सुरू झालं. त्यांनी तिथे काय सांगितलं, ते त्यांचं आहे. फटाक्यांची भीती पायरीपायरीने हाताळली: आधी मोबाइलवर हळू आवाजात सुतळी बॉम्ब, धडधड उतरेपर्यंत बसून राहायचं, मग आवाज थोडा वाढवायचा. मध्येच उठून गेलं तर भीती पक्की होते, म्हणून सुरुवातीला सोबत माणूस हवंच.

बँकेतल्या गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली परवान्याची बारा बोअर बंदूक घरात होती. उपचार सुरू असेपर्यंत ती पोलीस ठाण्यात जमा केली. यावर घरात वाद झाला, तरी या बाबतीत माघार घेऊ नये. मरणाची भाषा, वस्तू वाटून टाकणं, पोरांना उगाच निरोपाचं बोलणं दिसलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलता येतं.

मेजर आता आत, घरात झोपतात. हॉटेलात मात्र दाराकडे तोंड करूनच बसतात. ती सवय मोडायला कुणी सांगितलेलं नाही. ताई आपणहून समोरची खुर्ची घेतात.