गिटारवर हँक मार्विनसारखा क्लीन टोन हवाय? आधी एको बघ

अरे कंप्रेसर (आवाज एका पातळीवर आणणारा) आणि ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा), दोन्ही इफेक्ट बंद कर आधी. हँकच्या शॅडोज या ब्रिटिश बँडचा १९६० च्या सुमाराचा टोन म्हणजे स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार), व्हॉक्सचा अँप आणि मध्ये मेआझी या इटालियन कंपनीचं एको मशीन, त्याला प्लेबॅक हेड (रेकॉर्ड झालेला आवाज परत वाजवणारे) एकापेक्षा जास्त, म्हणून रिपीट्स सरळ एका मापात न येता लयीत उड्या मारत येतात आणि खरी जादू तिथेच आहे. तुझ्या मल्टिइफेक्टमध्ये (अनेक इफेक्ट असलेल्या पेडलमध्ये) मल्टिहेड टेप एको असेल तर तोच घे, नसेल तर दोन डिले पॅरलल लाव, मी साधारण १३० आणि ३८० मिलिसेकंद ठेवतो, फीडबॅक (रिपीट्स किती वेळ येत राहतात ते) कमी, रिपीट्सचा ट्रेबल थोडा कापलेला. गिटारचा ब्रिजजवळचा पिकअप, जाड तारा. आणि ट्रेमोलो बार (तारांचा ताण बदलून सूर हलवणारा गिटारचा दांडा) हातातून सोडू नकोस, ती थरथर कुठलंच पेडल देत नाही बघ. रिव्हर्ब अगदी चिमूटभर.