शह म्हणजे मात नव्हे, आणि फूस तर मुळीच नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘चीनचा अमेरिकेला शह’ आणि ‘चीनची अमेरिकेला मात’ यांचा अर्थ एकच का? आणि अशा चढाओढीतल्या ‘चॅलेंजर’ला मराठीत काय म्हणावे?

एकच नाही. शिवाय ‘अमेरिकेला मात’ ही मराठीच नाही. ‘मात देणे’ हे हिंदी. मराठीत एखाद्यावर मात करतात. याहून जास्त डोके उठते ते ‘पाकिस्तानला चीनची शह’ अशा वाक्यांनी. हिंदीत ‘शह’ स्त्रीलिंगी आहे आणि ‘शह देना’चा एक अर्थ चिथावणे, पाठीशी घालणे असाही होतो. मराठीत शह पुल्लिंगी, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे अडवणे. ज्याला बळ दिले त्यालाच अडवले, असे ते वाक्य मराठी वाचकाला सांगते. ‘फूस’, ‘चिथावणी’, ‘पाठबळ’ हे शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशाला?

आता मूळ शब्दाकडे. शह म्हणजे फारसी ‘शाह’, राजा. बुद्धिबळात समोरच्या राजावर मारा झाला की तसे बोलून दाखवायचे: ‘शाह!’ म्हणजे, तुझा राजा सांभाळ. पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे. ‘शाह’चे जुने रूप ‘ख्शायथिय’. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर इ. स. पू. 520च्या सुमारास सम्राट दारयवहूने (इंग्रजीतला डरायस) स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणून कोरून घेतले, राजांचा राजा. ते ‘आनाम्’ मोठ्याने म्हणून पाहा. ‘देवानाम्’, ‘नराणाम्’मधली आपली षष्ठी बहुवचनाचीच विभक्ती! याच पदवीचा पुढे ‘शहेनशहा’ झाला. आणि ‘ख्शायथिय’चा धातू ‘ख्शय्’, म्हणजे सत्ता चालवणे, हा संस्कृत ‘क्षि’चा सख्खा भाऊ. त्याच घरातले क्षत्र, क्षत्रिय आणि क्षत्रप. त्यामुळे ‘शह’ परका म्हणून त्याजागी ‘प्रतिबंध’ बसवू पाहणाऱ्या शुद्धीवाद्यांशी माझे कधीच जमणार नाही. इंग्रजी ‘चेक’ही फ्रेंचमार्गे याच शाहापासून निघाला, आणि बँकेचा चेकही त्याच वंशातला. ‘चेक’ला धनादेश करणाऱ्यांनी एकदा हेही पाहावे.

‘मात’बद्दल मात्र भांडावेच लागते. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’, ही व्युत्पत्ती अनेक इंग्रजी कोशांनी दिली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. त्यासाठी ‘मात’ला अरबी ‘माता’, म्हणजे ‘मेला’, याच्याशी जोडतात. मला हे साफ चुकीचे वाटते. चतुरंग इराणात गेला, ‘चत्रंग’ झाला आणि इराणातून अरबांकडे जाऊन ‘शतरंज’ झाला. ‘शाह’ फारसी असताना शेजारचा शब्द अरबी कशाला धरायचा? फारसीत ‘मात’ म्हणजे थिजलेला, निरुपाय झालेला. ‘मात-ओ-मबहूत’, म्हणजे थक्क, अवाक, ही जोडी तिथे आजही चालते. सगळ्यात मोठा पुरावा तर पटावरच आहे: बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला जायला घर उरत नाही, एवढेच.

म्हणून शहाचा नेमका अर्थ नियमात आहे. शह मिळालेल्याला बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी शह चुकवावा लागतो: राजा हलवा, मध्ये मोहरे घाला, नाहीतर शह देणारे मोहरे मारा. हरवले असे शह म्हणत नाही. ‘आता तुला माझ्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही’ असे म्हणतो. उगवती सत्ता प्रस्थापित सत्तेला हेच तर सांगत असते. विसाव्या शतकाच्या तोंडावर जर्मनीच्या आरमाराचा मंत्री टिर्पिट्झ याने आरमार वाढवायला घेतले, ते ब्रिटनचे आरमार बुडवता यावे एवढे नव्हे, तर आपल्याशी झुंजणे ब्रिटनला परवडू नये एवढे. हा शुद्ध शह. ब्रिटनने 1906मध्ये ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची युद्धनौका पाण्यात उतरवून आणि पुढे तसल्या युद्धनौकांची रांग लावून उत्तर दिले. 1957चा स्पुटनिक, सोव्हिएत संघाचा पहिला कृत्रिम उपग्रह, हाही शहच. त्याने अमेरिकेला सगळी कामे सोडून आकाशाकडे बघायला लावले. शह चुकवता चुकवता उलट शह दिला, तर तो काटशह. 1962मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आली हा शह, अमेरिकेने केलेली सागरी नाकेबंदी हा काटशह.

मात याहून फार दुर्मीळ. इ. स. पू. 404मध्ये वेढ्यात सापडलेल्या अथेन्सला शरण जावे लागले, ती मात, आणि ती केली प्रस्थापित स्पार्टाने, उगवत्या अथेन्सने नव्हे. 1991मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, त्याला मात्र मी मात म्हणणार नाही. तिथे एका बाजूने डाव सोडला. 1972मध्ये रेक्याविकला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सोव्हिएत स्पास्कीने अमेरिकन फिशरविरुद्धचा शेवटचा डाव सोडला होता, तसाच, तोही फोनवरून.

‘चॅलेंजर’चे राहिलेच. बुद्धिबळाच्या बातम्यांत जगज्जेत्यासमोर बसणाऱ्याला ‘आव्हानवीर’ म्हणतात. तोच वापरा.