विमानात इंटरकॉम बसवल्यापासून हेडसेटमध्ये शिट्टी येते, इंजिनाच्या वेगाबरोबर चढते. वायरिंग कुठे चुकलं?

बहुधा माइक-हेडफोनचे जॅक (हेडसेटची पिन जिथे घुसते ती सॉकेट्स) विमानाच्या पत्र्याला थेट टेकलेत. ग्राउंड दोन ठिकाणी जोडला गेला की अल्टरनेटरची शिट्टी आवाजात शिरते. ऑडिओ पॅनलची (इंटरकॉम-रेडिओचा आवाज हाताळणाऱ्या युनिटची) इन्स्टॉलेशन मॅन्युअल्स जॅक पत्र्यापासून वेगळे ठेवायला सांगतात ती याचसाठी. जॅकचा नट सोडून जॅक पत्र्याला न टेकता हवेत लोंबकळत ठेवा. शिट्टी गेली तर चोर सापडला.

- पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी फायबरचे वॉशर लावा, त्यातला एक खांदेवाला (पत्र्याच्या भोकात बसणारी कड असलेला). माइकच्या जॅकमधलं पिनचं भोक लहान (५.२ मिमी), हेडफोनचं ६.३५ मिमी.
- शील्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) फक्त ऑडिओ पॅनलच्या टोकाला ग्राउंड करा.

तरीही शिट्टी राहिली तर दोष पॉवर लाइनमध्ये किंवा अल्टरनेटरच्या डायोडमध्ये शोधा. विमान होमबिल्ट (स्वतः बांधलेलं) नसेल तर हे काम परवानाधारक इंजिनिअरकडूनच करून घ्या.