एमजीबीचा उलटा फिल्टर: सकाळी दहा सेकंद ऑइल प्रेशर शून्य, तापल्यावर आयडलला 15 पीएसआय. दोष कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), ऑइल फिल्टर उलटा बसणारा. ऑइल आणि फिल्टर बदलल्यापासून सकाळी पहिल्या स्टार्टला प्रेशरचा काटा आठ-दहा सेकंद शून्यावर असतो, तोवर खालून खडखड येते. इंजिन तापल्यावर आयडलला (गाडी उभी, पाय न देता) 15 पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर 15 पौंड, आणि 3000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 60. रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगमागे वॉशर टाकायचा सल्ला मिळालाय, टाकावा का?

वॉशर टाकू नका, आणि त्या 15 ची काळजीही सोडा. या इंजिनासाठी तापल्यावर आयडलला 10 ते 25 आणि रस्त्यावर 50 ते 80 पीएसआय धरलेलं आहे, तुमचे दोन्ही आकडे त्यात बसतात. गरम इंजिनाच्या आयडलवर लोक उगाच रात्र जागवतात. खरी झीज होते ती सकाळच्या त्या दहा सेकंदांत, कारण तेवढा वेळ क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) जवळपास कोरड्या बेअरिंगवर फिरत असतो.

तुमचा फिल्टर त्याच्या हेडच्या (फिल्टर ज्यावर फिरवून बसतो त्या बैठकीच्या) वर बसतो, तळ वर आणि तोंड खाली. इंजिन बंद झालं की त्यातलं ऑइल खाली उतरायला बघतं. त्याला अडवायला फिल्टरच्या तोंडाशी, आतल्या बाजूने एक रबरी पडदा असतो. तो नीट बसला नाही तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो डबा भरावा लागतो, मग बेअरिंगचा नंबर. खाली लोंबणाऱ्या फिल्टरमध्ये ही भानगड जवळपास नसते. म्हणूनच आटे जुळतात म्हणून कुठलाही फिल्टर इथे चालत नाही.

नवा फिल्टर हातात घेऊन तोंडाकडून बघा. मधलं आट्यांचं भोक सोडून भोवती लहान भोकांची रांग दिसेल. त्यातून बोथट काडीने हलकेच दाबा. आतला पडदा मऊ लागला पाहिजे आणि काडी काढताच परत जागेवर बसला पाहिजे. कडक लागला, सुरकुतलेला दिसला किंवा काडी थेट आत गेली तर तो फिल्टर बाजूला ठेवा. साधं रबर उष्णतेने कडक होतं, सिलिकॉनचा पडदा जास्त दिवस मऊ राहतो. मिळाला तर तोच घ्या.

पण फिल्टर बदलण्याआधी एक फुकटची चाचणी करा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्टपासून काटा उठेपर्यंतचे सेकंद मोजा. इंजिन तापवून बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. सकाळी दहा आणि आता एक-दोन सेकंद लागले तर फिल्टर रिकामा होतोय, विषय संपला. दोन्ही वेळा सारखाच उशीर झाला तर फिल्टरच्या पलीकडे बघायचं. मीटर नळीवर चालणारा असेल तर त्या नळीत अडकलेला गाळ किंवा हवासुद्धा काट्याला सुस्त करते. दुसरा मीटर थेट इंजिनाला जोडून खात्री करा, मगच पंपावर संशय घ्या. तुमच्याकडे खडखडही ऐकू येतेय, त्यामुळे एकट्या मीटरचा दोष मला वाटत नाही.

उलटा फिल्टर काढताना ऑइल इंजिनावर सांडतंच. आधी डब्याच्या वरच्या तळाला टोच्याने भोक पाडा आणि दहा मिनिटं थांबा. हवा आत गेली की बरंचसं ऑइल खाली उतरतं. तरी फडकी पसरून ठेवा. फिल्टर निघाल्यावर हेडवर बोट फिरवा: जुना रबरी गॅस्केट तिथेच चिकटून राहिलेला असतो, आणि त्यावर नवा बसला की प्रेशर चढताच दोन्हींच्या मधून ऑइल उसळून बाहेर येतं. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीचा बोल्टवाला डबा (ज्यात फक्त आतला एलिमेंट, म्हणजे गाळणी, बदलतात) आहे त्यांनी हेडच्या खाचेतला सील टाचणीने उकरून काढावा. खाचेत जुना सील काळा होऊन इतका बसतो की तोच खाचेचा तळ वाटतो. डब्यातली स्प्रिंग, वॉशर आणि एलिमेंटखालचा सील काढले त्याच क्रमाने परत जायला हवेत. स्प्रिंग राहिली तर ऑइल न गाळताच इंजिनात जातं आणि मीटरवर काहीच कळत नाही.

नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट लावा, फिल्टर टेकेपर्यंत फिरवा, मग हातानेच पाऊण फेरा. पाना नको. उलटा असल्याने आधी भरून ठेवता येत नाही, त्यामुळे पहिल्या स्टार्टआधी कॉइलची इग्निशन वायर काढून तिचं टोक टेपने गुंडाळा, स्पार्क प्लग काढा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, मध्ये त्याला थंड होऊ द्या. काटा उठला की प्लग लावून सुरू करा. दोन मिनिटं चालवून बंद करा आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पुन्हा बघा. ऑइल कूलर असेल तर त्यातच साधारण 0.4 लिटर जातं.

आता तो वॉशर. रिलीफ व्हॉल्व्ह इंजिनाच्या डाव्या बाजूला मागे, घुमटाकार नटाखाली असतो. त्याचं काम जास्तीचं प्रेशर सोडून देणं, कमी प्रेशर वाढवणं नव्हे. आयडलला तो बंदच असतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही कडक केली तरी 15 चे 20 होणार नाहीत. वाढेल ते फक्त थंड इंजिनाचं वरचं प्रेशर, म्हणजे पंपाच्या ड्राइव्हवरचा आणि फिल्टरच्या गॅस्केटवरचा ताण. व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा तो थंड इंजिनातही 3000 ला काटा 50 गाठत नसेल तेव्हा. मग नट काढा, स्प्रिंग मोजा (मोकळी लांबी 76 मिमी), आणि आतला पेल्यासारखा प्लंजर बघा. त्याच्या टोकाला अखंड चकचकीत वर्तुळ दिसलं पाहिजे. कुठे तुटलेलं किंवा खड्डा पडलेलं असेल तर प्रेशर तिथून गळतंय. नवा प्लंजर आणि नवी स्प्रिंग घाला, नटाखालचे वॉशरही नवे.

थंड असताना 70 आणि तापल्यावर आयडलला 10 च्या खाली, असं झालं तर मात्र गोष्ट वेगळी. बेअरिंगला दोष देण्याआधी डिपस्टिक हुंगा. एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरची फ्लोटची सुई (पेट्रोल अडवणारी) गळत असेल तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी आपोआप वाढलेली दिसते. पेट्रोलचा वास आला तर आधी सुई, मग ताजं 20डब्ल्यू-50 (जाडसर ग्रेडचं ऑइल). आजच्या गाड्यांचं पातळ 5डब्ल्यू-30 घातलं असेल तर काटा पडणारच.

ऑइल ठीक असूनही काटा पडत असेल तर काढलेला फिल्टर उघडा. हॅकसॉ वापरू नका, करवतीचा चुरा आत जाऊन फसवतो. फिल्टर कटर घ्या. कागदाच्या घड्या उलगडून, पिळून उन्हात धरा. चुंबकाला न चिकटणारी राखाडी चमचम म्हणजे बेअरिंगचा वरचा थर. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर तो थर संपून खालचा लागलाय, गाडी उभी करा. चुंबकाला चिकटणारं असेल तर कॅम आणि टॅपेटकडे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांकडे) बघा. बिग एंडचे शेल (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगच्या वाट्या) संप, म्हणजे खालची ऑइलची परात, उतरवून इंजिन जागेवर असतानाही बदलता येतात, पण क्रँकची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने न मोजता नवे शेल घालण्यात अर्थ नाही.

नव्या फिल्टरनंतरही सकाळी पाच सेकंदांवर वेळ जात असेल तर चार आकडे इथे लिहा: थंड आयडल, थंड 3000, गरम आयडल, गरम 3000. सोबत ऑइलचा ग्रेडही.