निकालाच्या रात्री कोड चालला पाहिजे

प्रश्न : मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला एखाद्या वृत्तमाध्यमात सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचंय. पत्रकारितेची पदवी लागेल का? तयारी काय करावी? – एक पालक

उत्तर : पदवी लागत नाही. हे काम दुय्यमही समजू नका. जँगो हे वेबसाइट बनवायचं पायथन भाषेतलं फ्रेमवर्क (तयार सांगाडा) अमेरिकेतल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात जन्मलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं.

बहुतेक जागा सीएमएस (बातम्या लिहून प्रसिद्ध करायची यंत्रणा), ॲप आणि सबस्क्रिप्शनच्या टीममध्ये असतात. मुलांना भुरळ पडते ती ग्राफिक्स-डेटाची, पण ती टीम छोटी असते.

खरी कसोटी निवडणूक निकालाच्या दिवशी. प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसला विचारत बसलं, तर तो काही मिनिटांत कोसळतो. म्हणून निकालाची जेसन फाइल (आकड्यांची साधी मजकूर-फाइल) एकदाच तयार करून सीडीएनवरून, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यातून देतात; कॅशे, म्हणजे साठवलेली प्रत, १५-३० सेकंदांचा. मग दुसरं दुखणं : चुकलेला मथळा सुधारला तरी जुनी प्रत कॅशेमध्ये राहते. सगळा कॅशे एकदम पुसला, तर पूर्ण भार मूळ सर्व्हरवर येतो. त्यामुळे फक्त त्या बातमीशी जोडलेली पानंच पुसायची. पुश नोटिफिकेशन मात्र गेलं की गेलं.

तिने एखाद्या जुन्या निवडणुकीचे फेरीनिहाय आकडे घ्यावेत आणि दर ३० सेकंदांनी एक फेरी ‘येईल’ अशी स्क्रिप्ट आणि ते आकडे दाखवणारं पान लिहावं. रिकामा रकाना शून्य धरला जाऊ नये, नाहीतर मोजणी न झालेला उमेदवार शून्य मतांवर दिसतो. उमेदवार जुळवायचा तो त्याच्या ओळख-क्रमांकावरून. नावाचं स्पेलिंग फाइलगणिक बदलतं. एकूण मतं आधीपेक्षा कमी झाली तर प्रसिद्धी थांबवून माणसाला विचारायचं, तोवर जुनेच आकडे वेळेसह दाखवायचे. शेवटी के६ किंवा लोकस्ट या भार-चाचणीच्या साधनाने ५०० आभासी वाचक सोडून पाहावेत आणि काय कोसळलं ते रीडमीमध्ये (प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) प्रामाणिकपणे लिहावं. मुलाखतीत बोलायला एवढं पुरतं.

पगार मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांपेक्षा सहसा कमी असतो, हे आधीच धरून चाला. ऑफर घेण्यापूर्वी तिने दोन गोष्टी विचाराव्यात : रात्रीची ऑन-कॉल पाळी (बिघाड झाला की धावायची) किती आठवड्यांनी येते, आणि निकालाच्या दिवशी नवा कोड चढवायला बंदी असते का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या रात्री धावपळ कोणाला करावी लागते, हेही विचारून घ्यावं.