वाचकांचे प्रश्न : हजार पाहुणे आणि परवडणारं कार्यालय

स्वागत समारंभाच्या जागेविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. उत्तरांतले रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. दर गावागणिक वेगळे असतात, हिशेबाची रीत मात्र सगळीकडे एकच.

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरातल्या एका शनिवारी आहे. विधी घरच्या साठ-सत्तर माणसांत करणार, पण संध्याकाळच्या रिसेप्शनला हजार-अकराशे लोक होतील. सिंहगड रस्त्यापासून कात्रजपर्यंत सात कार्यालयं पाहिली. दीड लाखाच्या खाली कोणी बोलत नाही. आमची तयारी भाड्यापोटी एक लाखाची आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : सातही ठिकाणी तुम्ही एकच तारीख विचारली असणार. मुहूर्त लागतो तो अक्षतांना. स्वागत समारंभासाठी पंचांग उघडावं लागत नाही. कार्यालयाचा दर मात्र तिथी आणि वार पाहूनच चढतो-उतरतो. दाट तिथीचा शनिवार म्हटल्यावर मालकाने दर का सोडावा? लग्न शनिवारी होऊ द्या आणि रिसेप्शन पुढच्या मंगळवार-बुधवारवर न्या. चौकशीही उलटी करा. ‘अमुक तारखेचे किती?’ असं न विचारता ‘या दोन आठवड्यांत संध्याकाळचं कोणतं सत्र रिकामं आहे आणि त्याचे काय घ्याल?’ असं विचारा. रिकाम्या दिवसावर मालक स्वतःहून खाली येतो.

थोडं थांबायची तयारी असेल तर पौष पाहा. साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीत येणारा हा महिना कार्यालयांना ओस जातो. हवा कोरडी असते, त्यामुळे लॉनलाही उत्तम. ‘पौषात कार्य?’ असं घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतील, पण लग्न आधीच लागलेलं असल्यामुळे त्यांची समजूत पटते. पितृपक्षाच्या वाटेला मात्र जाऊ नका. भाडं अर्ध्यावर येईल आणि पाहुणेही. अधिक महिन्यातही दर पडतात, पण महिना कोणता ते बघा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ म्हणजे १७ मे ते १५ जून. त्याचा शेवटचा आठवडा पावसाचा, तेव्हा लॉन घेणं धोक्याचं.

शनिवार सोडायचाच नसेल तर तिसरी वाट आहे. कार्यालयं दिवस दोन सत्रांत देतात. सकाळी तिथे दुसऱ्या कुणाचं लग्न असेल आणि त्यांनी संध्याकाळ घेतली नसेल, तर ते सुटं सत्र मागा. यात गोची एकच होते. चारला निघायचं वऱ्हाड सहाला निघतं, भटारखान्यात त्यांची पातेली तशीच आणि तुमचा डेकोरेटर दारात उभा. म्हणून पावतीवरच ‘ताबा दुपारी ४ वाजता, भटारखाना व कोठीसह’ असं लिहून घ्या. सकाळच्या मंडळींची हरकत नसेल तर त्यांचंच स्टेज ठेवून फुलं तेवढी बदलता येतात. डेकोरेशनच्या खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो.

आता भाड्याविषयी. तो आकडा एकटा काही सांगत नाही. समजा एका कार्यालयाचं भाडं १ लाख आहे आणि केटरर तुमचा चालतो. दुसऱ्याचं भाडं ४० हजार, पण केटरर त्यांचाच सक्तीचा आणि त्याचं ताट तुमच्या केटररपेक्षा ८० रुपयांनी महाग. फरक ६० हजारांचा. ६०,००० भागिले ८० म्हणजे ७५० ताटं. पाहुणे साडेसातशेच्या आत असतील तर दुसरं कार्यालय स्वस्त, त्यापुढे पहिलं. तुमच्या हजार ताटांना दुसरं ४०,००० अधिक ८०,००० असं १,२०,००० ला पडेल. बाहेरचा केटरर आणला तर ताटामागे ‘रॉयल्टी’ घेणारी कार्यालयंही असतात. तीही अशीच गुणून बघा. वीज मीटरवर की ठोक, जनरेटर तासावर की डिझेलवर, सफाई, जादा खुर्च्या, सत्र लांबल्यास तासाला किती, हे सगळं एका कागदावर मागा. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का, तेही विचारा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या मालकाला नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी क्रमांक नसलेल्या पावतीवर जीएसटी घेता येत नाही.

प्रश्न : पत्रकावर ‘क्षमता १,५००’ लिहिलं आहे. हॉल प्रत्यक्ष पाहिला तर एवढे लोक मावतील असं वाटत नाही. कसं ठरवायचं? (नाशिक)

उत्तर : तुमची नजर बरोबर आहे. तो आकडा बहुधा संध्याकाळभरात येऊन जाणाऱ्यांचा असतो. टेप घेऊन जा. समजा हॉल १०० बाय ६० फूट, म्हणजे ६,००० चौरस फूट भरला. २४ बाय १६ चं स्टेज, त्यापुढची मोकळी जागा, सोफे आणि कडेच्या वाटा वजा केल्या की ४,८०० च्या आसपास उरतात. ओळीने खुर्च्या मांडल्या तर माणशी ८ चौरस फूट धरा, म्हणजे ६०० लोक. हातात ताट घेऊन उभ्याने जेवणाऱ्याला १० ते १२ लागतात, म्हणजे ४०० ते ४८०. गोल टेबलं मांडलीत तर माणशी १५, म्हणजे जेमतेम ३२०.

पत्रिकेवर ‘७ ते १०’ छापलं तरी लोक येतात आठ ते नऊमध्ये. हजारातले निम्मे त्या तासात एकदम आत असतात असं धरून चाला. जेवण मागच्या लॉनवर किंवा वरच्या मजल्यावर असेल तर असा हॉल पुरतो. जेवणही आतच असेल तर पुरत नाही.

पण बहुतेक रिसेप्शनं जागेमुळे अडत नाहीत, स्टेजच्या रांगेमुळे अडतात. हजार माणसं म्हणजे साधारण साडेतीनशे कुटुंबं. चढणं, नमस्कार, पाकीट, फोटो, उतरणं याला प्रत्येकी ४० सेकंद धरले तर १४,००० सेकंद होतात, म्हणजे जवळपास चार तास. हाताशी आहेत तीन. तेच ३० सेकंदांवर आणलं तर १०,५०० सेकंद, म्हणजे तीन तासांना पाच मिनिटं कमी. हे दहा सेकंद वाचवायचे तर स्टेजला दोन्ही बाजूंनी जिना हवा. एकीकडून चढायचं, दुसरीकडून उतरायचं. पाकिटं घ्यायला घरचा माणूस खालच्या पायरीशी उभा करा, नवरदेवाच्या हातात काही जाऊ देऊ नका. फोटोग्राफरला प्रत्येकी दोनच फोटो घ्यायला सांगा. नवरा-नवरी सातच्या ठोक्याला स्टेजवर पाहिजेत. मेकअपमध्ये गेलेला अर्धा तास शेवटपर्यंत भरून निघत नाही आणि साडेनऊला अर्धे लोक रांग पाहून न भेटताच निघून जातात.

बुफेचं दोन्ही बाजूंनी घेता येणारं एक काउंटर दोनशे माणसांना धरा. डोसा, पावभाजी असलं गरम काही असेल तर ते कोपऱ्यात ठेवा. तिथली रांग हलत नाही, आणि मध्ये ठेवलं तर वरण-भाताचीही अडते.

प्रश्न : गावच्या शाळेचं मैदान फुकट मिळतंय. पंधराशे लोकांचं जेवण आहे. कार्यालयापेक्षा स्वस्त पडेल का? (करवीर तालुका, कोल्हापूर)

उत्तर : पंधराशेला पडेल. सातशे-आठशेच्या आत असता तर आम्ही कार्यालयच घ्या म्हटलं असतं, कारण मैदानात भाडं सोडून बाकी सगळं विकत आणावं लागतं.

मंडप १२,००० चौरस फुटांचा धरा. एका वेळी जेवणारे सातशे, त्यांना माणशी १२ प्रमाणे ८,४०० लागतील. उरलेल्यात स्टेज आणि खुर्च्या. मंडपवाल्याकडून दर चौरस फुटावर घ्या. कनाती, गालिचे आणि खुर्च्या त्यात आहेत की वेगळ्या, तेही ठरवून टाका. प्यायला माणशी दीड लिटर म्हणजे २,२५० लिटर. वीस लिटरचे सव्वाशे जार सांगा. वापरायला १०,००० लिटरचा एक टँकर, आणि स्टीलची ताटं धुवायची असतील तर दोन. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पत्रावळी घ्या.

विजेच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. शाळेचा मीटर वर्गातल्या ट्यूब-पंख्यांपुरता असतो. त्यावर हॅलोजन पेटतात, मग साउंडवाला अँप्लिफायर सुरू करतो आणि सगळा मंडप अंधारात जातो. ६२.५ केव्हीएचा जनरेटर घ्या. बऱ्यापैकी लोडवर तो तासाला साधारण १० ते १२ लिटर डिझेल पितो, म्हणजे सहा तासांना ६० ते ७२ लिटर. डिझेल कोणाचं ते आधी बोला. जनरेटर मंडपापासून दीडशे फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा, नाहीतर धूर पानात येतो.

पार्किंगसाठी सोपं माप : एका गुंठ्यात चार मोटारी, वळायच्या वाटेसकट. दीडशे मोटारींना ३८ गुंठे, म्हणजे जवळपास एकर. शेजारचं रिकामं रान मिळत असेल तर आठवडाभर आधी बघून या. नुकतं पाणी पाजलेलं असलं तर गाड्या रुततात. शाळेची लेखी परवानगी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि लाऊडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी, असे तीन कागद हवेत. फेब्रुवारी-मार्चात शाळा बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असेल तर मैदान धरूच नका. आणि जवळच्या साखर कारखान्याचं सभागृह आहे का, हेही एकदा विचारून या. कारखान्याचे सभासद असाल तर सवलतीची चौकशी करा.

प्रश्न : डोंबिवलीत हजार माणसांचा हॉल बजेटमध्ये मिळतच नाही. ज्ञातीच्या संस्थेचा आहे, पण तो चारशेचा. महापालिकेचा घ्यावा का? (डोंबिवली)

उत्तर : चारशेचाच घ्या आणि पत्रिका दोन वेळांच्या छापा : ऑफिस आणि सोसायटीसाठी ‘५.३० ते ७.३०’, नातेवाइकांसाठी ‘७.३० ते १०’. ऑफिसची मंडळी लोकल पकडून घरी जायची असतात, त्यांना लवकरची वेळ सोयीचीच पडते. तुमच्याकडे पार्किंगपेक्षा स्टेशनपासूनचं अंतर महत्त्वाचं. ज्ञातिसंस्थेत सभासदाचा दर वेगळा असतो. मामा-काकांचं सभासदत्व चालतं का, ते विचारा. महापालिकेचा हॉल स्वस्त खरा, पण निवडणूक लागली की असे हॉल ताब्यात घेतले जातात. तुमच्या तारखेच्या आसपास निवडणुकीची शक्यता असेल तर तो धोका पत्करू नका. हॉल कोणताही असो, अग्निशमन यंत्रणेचं ‘बी फॉर्म’ प्रमाणपत्र बघायला मागा. ते दर जानेवारी आणि जुलैत नवं घ्यावं लागतं. जुनं दाखवलं किंवा टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नका.

प्रश्न : देवळाच्या सभागृहात रिसेप्शन करावं का? भाडं फारच कमी आहे. (फोंडा, गोवा)

उत्तर : दुपारचं करा. देवस्थानच्या आवारात मासळी नाही आणि दारूही नाही, त्यामुळे संध्याकाळच्या पाहुण्यांची तोंडं वाकडी होतात. लग्न आणि दुपारचं शाकाहारी जेवण एकाच वेळी उरकलंत तर कोणी काही म्हणत नाही. अग्रशाळेतल्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतल्या, खोल्या मिळाल्या तर बाहेरगावच्या पाहुण्यांचा लॉजचा खर्चही वाचतो. देवळाच्या जत्रेची आणि पालखीची तारीख आधी विचारून घ्या.

प्रश्न : केटररशी हजार ताटांची बोली होती. बिल ११८० चं आलं. आमच्या अंदाजाने नऊशेच लोक जेवले. आता पुढच्या वर्षी मुलाचं आहे. ताटं कशी मोजायची? आणि लॉनवाले दहाला साउंड बंद करा म्हणतात, शिवाय ‘म्युझिक लायसन्स’चे पैसे मागतात, ते बरोबर आहे का? (अहिल्यानगर)

उत्तर : ‘मिनिमम गॅरंटी’ हजार म्हणजे नऊशे जेवले तरी पैसे हजारांचे. म्हणून गॅरंटी आमंत्रितांच्या ८० टक्क्यांवर बांधा आणि वरची तयारी १० टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगा. वाद होतो तो वरच्या ताटांवर. केटरर रिकामी ताटं मोजतो, माणसं मोजत नाही. दुसऱ्यांदा घेताना नवं ताट उचललं की तेही धरलं जातं. लहान मुलं, बँडवाले, ड्रायव्हर, फोटोग्राफर यांची ताटं पूर्ण की अर्धी, हे बोलीतच लिहा. साडेसहाला घरचा एक माणूस आणि केटररचा एक यांनी मिळून ताटांचे गठ्ठे मोजायचे, आकडा कागदावर घालून दोघांनी सही करायची. शेवटी उरलेली ताटं मोजून वजा करायची. ताटं मध्येच धुऊन परत मांडली जात असतील तर हा हिशेब फसतो. तिथे दारात कुपन देऊन ताटाशी परत घेणं हाच उपाय, जरा अवघडल्यासारखं वाटलं तरी.

साउंडच्या बाबतीत लॉनवाले बरोबर आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. बंदिस्त हॉलला सवलत आहे, लॉनला नाही. पैशांच्या बाबतीत मात्र थांबा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांत वाजवलेल्या संगीताला सूट दिलेली आहे. पावती कोणत्या संस्थेच्या नावाने आणि कोणत्या कलमाखाली देणार, ते लेखी मागा. भरलेली अनामत अशाच कारणावरून अडवून धरली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. तिथे पावती लागेल, म्हणून अनामत रोखीत देऊ नका.