अल्पाइन स्की रेसिंगच्या सर्किटवर रोजचं आयुष्य कसं असतं? लातूरच्या मुलाला तिथवर पोचता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा पंधरा वर्षांचा आहे, लातूरला इनलाइन स्केटिंग करतो. यंदा मनालीला बेसिक स्की कोर्स ‘ए’ ग्रेडने केला आणि आता त्याला अल्पाइन रेसिंगमध्ये उतरायचंय. तिथलं आयुष्य कसं असतं, काय काय लागतं आणि आपल्याकडच्या मुलाला ते झेपेल का?

पोचता येतं. पण बाहेरून आलेल्या मुलाची खरी झुंज डोंगराच्या उताराशी नसते, पॉइंट आणि बिब नंबर (छातीवरचा, कोण कितवा उतरणार ते सांगणारा नंबर) यांच्या चक्राशी असते. ते चक्र घरच्यांना आधी कळलं तर बरेच पैसे आणि दोन-तीन हंगाम वाचतात, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

हंगामाची कल्पना आपल्याकडच्या माणसाला लगेच येईल. बीड-पाटोद्याच्या ऊसतोड टोळ्या दसरा झाला की निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. रेसिंगचा हंगामही जवळपास तेवढाच. वर्ल्ड कप ऑक्टोबरच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या हिमनदीवर सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो. एक फड संपला की बिऱ्हाड गाडीत टाकून पुढच्या फडावर, तसंच इथं. वर्ल्ड कपच्या खाली कॉन्टिनेंटल कप आणि त्याखाली साध्या एफआयएस शर्यती (एफआयएस म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की संघटना). भाच्याचा संबंध पहिली काही वर्षं फक्त या तिसऱ्या पायरीशी येईल. ज्या कॅलेंडर वर्षात सोळा पूर्ण होतात, त्या वर्षी सुरू होणाऱ्या हंगामापासून एफआयएस शर्यतीत उतरता येतं. त्यासाठी राष्ट्रीय संघटनेमार्फत नोंदणी करून एफआयएस कोड घ्यावा लागतो, आणि मूल अल्पवयीन असल्याने पालकांची सही लागते.

आता पॉइंट. इथं जितके कमी तितके चांगले. सूत्र सोपं आहे: तुमची वेळ भागिले विजेत्याची वेळ, त्यातून एक वजा करायचा आणि उरलेल्याला ठरलेल्या आकड्याने गुणायचं. हा आकडा स्लॅलमला (जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरायची शर्यत) ७३० आणि जायंट स्लॅलमला (तीच, पण काठ्या लांब-लांब) १०१०. समजा जायंट स्लॅलममध्ये विजेत्याचे दोन रन मिळून १२० सेकंद झाले आणि भाच्याचे १३२. म्हणजे तो दहा टक्के मागे. १०१० चे दहा टक्के १०१. त्यात त्या शर्यतीची ‘पेनल्टी’ मिळवायची. पेनल्टी म्हणजे शिक्षा नव्हे, शर्यतीत किती तगडे खेळाडू उतरले होते त्याचं माप आहे. पहिल्या दहात आलेल्यांपैकी आणि सुरुवातीच्या यादीतल्यांपैकी उत्तम पाच-पाच जणांच्या पॉइंटवरून ती काढतात. तगडे लोक असले की पेनल्टी कमी. पेनल्टी ४० निघाली तर भाच्याचे पॉइंट १४१. त्या प्रकारातल्या उत्तम दोन निकालांची सरासरी यादीत लागते, आणि एकच निकाल असेल तर त्यावर वीस टक्के चढवतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी स्लॅलम-जायंट स्लॅलमची किमान पात्रता १६० पॉइंटची होती. काश्मीरच्या आरिफ खानने त्या पात्रतेसाठी दुबईच्या इनडोअर हॉलमध्ये आणि माँटेनेग्रोत शर्यती केल्या आणि बीजिंगच्या जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला.

यातली गोम बिब नंबरात आहे. एफआयएस शर्यतीत पहिल्या पंधरा जणांचे नंबर चिठ्ठ्या टाकून ठरतात, पुढे कमी पॉइंटवाला आधी, आणि ज्यांना पॉइंटच नाहीत ते सगळ्यात शेवटी. प्रत्येक जण गेटच्या (वळण ठरवणाऱ्या काठ्यांच्या) त्याच जागी, त्याच बाजूने, शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर देऊन वळतो. तिसाव्या नंबरापर्यंत तिथं बैलगाडीच्या वाटेवर पडते तशी चाकोरी पडलेली असते. बर्फ मऊ असेल तर सत्तराव्या नंबराला ती नडगीपर्यंत खोल मिळते. पॉइंट वाईट म्हणून नंबर उशिरा, नंबर उशिरा म्हणून कोर्स वाईट, कोर्स वाईट म्हणून वेळ वाईट, आणि वेळ वाईट म्हणून पुन्हा पॉइंट वाईट. या चक्रातून बाहेर पडायला दोन वाटा. पहिली म्हणजे मोठ्या शर्यतीत कोर्सवर आधी पाणी मारून बर्फ काचेसारखा कडक केलेला असतो, वसंतात मीठ टाकतात. असा कोर्स उशिरापर्यंत टिकतो, म्हणून नाव नोंदवताना तिथल्या कोर्सची ख्याती विचारा. दुसरी वाट सरावाची. कोचला सांगून मुद्दाम खराब, चाकोऱ्या पडलेल्या कोर्सवर सराव करून घ्या. चाकोरीत शिरल्यावर स्की बाहेर काढायला गेलं की कड अडकते आणि माणूस उडतो. चाकोरीतच राहायचं, हात पुढे, गुडघे मऊ, आणि वळण गेटच्या बरंच वर सुरू करायचं. सकाळी कोर्स ताजा असताना चार रन मारून निघून जाणाऱ्या कॅम्पमध्ये हे शिकायला मिळत नाही.

दुसरं चक्र व्हिसाचं. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे दीडशे दिवस. त्यामुळे ऑस्ट्रिया-इटलीत तळ ठोकण्याचा बेत आपल्या पासपोर्टवर जमत नाही. बोस्नियातलं याहोरिना, सर्बियातलं कोपाओनिक, माँटेनेग्रोतलं कोलाशिन, तुर्कस्तान, दुबई इथले दिवस त्या नव्वदात धरले जात नाहीत. वहीत तारखा मांडूनच कॅलेंडर करा. शेंगेनचे दिवस हिमनदीवरच्या सरावासाठी आणि फेब्रुवारीतल्या चांगल्या शर्यतींसाठी राखून ठेवावेत असं माझं मत आहे.

शर्यतीचा दिवस असा जातो. पहाटे साडेपाचला उठणं, सातच्या सुमारास पहिली लिफ्ट, दोन-तीन मोकळे रन. मग कोर्सची पाहणी, त्यात गेटमधून स्की करून जायला बंदी. कडेने आडवं घसरत उतरायचं आणि प्रत्येक वळण पाठ करायचं, कुठे उतार तुटतो, कुठे गेटची लय बदलते. स्लॅलममध्ये उंचीच्या फरकाच्या ३० ते ३५ टक्के वळणं असतात. हा फरक १८० मीटरचा असेल तर चोपन्न ते त्रेसष्ट. ती डोळे मिटून हातांनी करून दाखवता आली पाहिजेत. पहिला रन पन्नास-साठ सेकंदांचा. मग नवा कोर्स लागतो, पुन्हा पाहणी, दुपारी दुसरा रन. वर्ल्ड कपला दुसऱ्या रनसाठी फक्त पहिले तीस उरतात आणि वर्ल्ड कपचे गुण मिळतात तेही पहिल्या तिसांनाच (हे जास्त तितके चांगले, वरच्या पॉइंटपेक्षा वेगळे), विजेत्याला १०० पासून तिसाव्याला १ पर्यंत. संध्याकाळी टीम कॅप्टनची बैठक, दुसऱ्या दिवसाची स्टार्ट लिस्ट, आणि त्यानंतर स्कीला धार. मोठ्या संघांना त्यासाठी वेगळा माणूस असतो. भाच्याला नसेल, म्हणून हे काम त्याच्या हातात बसलं पाहिजे.

धार लावणं विळ्याला लावण्यासारखंच, फक्त कोन मोजून ठेवायचा. स्की व्हाइसमध्ये पक्की बसवा आणि बाइंडिंगचा (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या भागाचा) ब्रेक जाड रबराने मागे बांधा. तळाकडच्या कडेला अर्धा अंश, बाजूच्या कडेला तीन अंश, म्हणजे ८७ अंशांचा गाइड. तळाच्या कडेला रोज हात लावायचा नाही. ती जास्त घासली गेली की स्की उशिरा पकड घेते, आणि मग मशीनवर अख्खा तळ घासून घेण्याशिवाय उपाय नसतो. बाजूची कड कानशीने टोकाकडून शेपटीकडे, एका दिशेने, हलक्या हाताने. मग ओले केलेले डायमंड स्टोन, आधी २००, मग ४००, शेवटी ६००. कानस फिरली की कडेवर धातूची केसाएवढी पापडी उलटून उभी राहते. नख तळाकडून बाहेर ओढलं तर ती अडकते. सिरॅमिक दगडाने ती काढली नाही तर सरळ जाताना स्की आपोआप एका बाजूला खेचते, आणि मुलाला वाटतं आपलंच तंत्र चुकतंय.

वॅक्सची इस्त्री साधारण १२० ते १४० अंशांवर, वॅक्सच्या पाकिटावर लिहिलेलं तापमान अंतिम. इस्त्री सतत सरकती हवी. एका जागी थांबली तर तळाच्या प्लास्टिकची छिद्रं बुजतात आणि तिथं पुन्हा वॅक्स शिरत नाही. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या; गरम असताना पट्टीने खरवडलं तर आत शिरलेलंही निघून येतं. मग प्लास्टिकची पट्टी, आणि त्यानंतर पितळी, घोड्याच्या केसांचा, नायलॉनचा असे तीन ब्रश. फ्लोरीनवालं वॅक्स २०२३-२४ च्या हंगामापासून एफआयएस शर्यतींत बंद आहे. जुन्या स्की विकत घेताना तळ दोन-तीनदा गरम वॅक्सने धुऊन काढा, कारण तपासणीत आधीच्या मालकाचं फ्लोरीनही सापडू शकतं.

लातूरची मे महिन्यातली दुपार स्कीला सोसत नाही. हंगाम संपला की कडा कोरड्या पुसून तळावर आणि कडेवर जाड वॅक्स ओता, खरवडू नका, आणि स्की पत्र्याच्या खोलीत कधीही ठेवू नका. खालच्या मजल्यावरची सावलीची भिंत हवी. ओल्या स्की एकमेकींना बांधून कव्हरात ठेवल्या तर रेल्वेच्या दोन रात्रींत कडा गंजून लाल होतात.

खर्चात सगळ्यात आधी बूट. आतला मऊ भाग काढून अनवाणी पाय नुसत्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे साधारण एका बोटाची जागा उरली पाहिजे. दोन बोटं शिरली तर तो बूट रेसिंगसाठी मोठा आहे. दुकानात आरामशीर वाटणारा बूट महिन्याभरात ढिला होतो. चांगला रेसिंग बूट साधारण पन्नास-साठ हजारांच्या पुढे, स्की बाइंडिंगसकट लाखाच्या घरात, आणि स्लॅलमची व जायंट स्लॅलमची जोडी वेगळी. पुरुषांची स्लॅलम स्की १६५ सेंटीमीटर, जायंट स्लॅलमची १९३. स्की वापरलेल्या घ्यायला हरकत नाही, पण कड मिलिमीटरभर तरी शिल्लक आहे ना ते पाहा. हेल्मेटवर ‘आरएच २०१३’चा स्टिकर असल्याशिवाय जायंट स्लॅलमच्या शर्यतीत उतरू देत नाहीत. विमानात बूट नेहमी हातातल्या बॅगेत न्यायचे. स्की हरवल्या तर उसन्या मिळतात, बूट मिळत नाहीत. त्याच बॅगेत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बसते, आणि पास्त्याच्या चौथ्या दिवशी मुलाला तिचा फार आधार वाटतो.

दुखापत म्हटलं की गुडघा, त्यातही एसीएल (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध). वजन मागे गेलेलं असताना स्की आत वळली की तो तुटतो, आणि परत उतरायला सहा ते नऊ महिने लागतात. विमा घेताना ‘स्कीइंग’ एवढ्यावर समाधान मानू नका, स्पर्धा आणि सराव दोन्ही लेखी धरलेत का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत शर्यत वगळलेली असते. सर्दीची गोळीही संघाच्या डॉक्टरला विचारूनच, कारण काहींत स्यूडोएफेड्रीन असतं आणि ते डोपिंग चाचणीत अडकवू शकतं. डाउनहिलचा (सगळ्यात वेगवान शर्यतीचा) विचार सध्या सोडून द्या. तिथं वेग १३० किलोमीटरच्या वर जातो, शर्यतीआधी सरावाचा रन सक्तीचा असतो, आणि तसा उतार जाळ्या लावून बंद ठेवायची सोय आपल्याकडच्या सरावात मिळत नाही.

या पावसाळ्यात भाच्याने काय करावं? स्केटिंग सोडू नये, पण रिंकवर गोल फिरण्यापेक्षा बालाघाटातल्या एखाद्या बंद, सौम्य उताराच्या रस्त्यावर सहा ते आठ मीटरवर कोन मांडून स्लॅलम करावं, मनगट-गुडघ्याची गार्ड घालून. चाळीस सेंटीमीटरच्या पेटीवरून डावीकडे-उजवीकडे साठ सेकंद उड्या, आठवड्यातून दोनदा. दौलताबादचा किल्ला गाठता आला तर चढण्यापेक्षा सावकाश उतरणं जास्त उपयोगाचं, कारण वळणात मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर धरतात. जानेवारीत गुलमर्ग किंवा औलीला इंटरमिजिएट आणि लागोपाठ ॲडव्हान्स. तिथं गेट लावून सराव देतात का हे फोनवर आधी विचारा, कारण गेटशिवायचे पंधरा दिवस रेसिंगला फारसे उपयोगी पडत नाहीत. युरोपातली त्याच्या वयाची मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर आहेत आणि वर्षाला शंभराच्या वर दिवस स्की करतात. त्यामुळे पहिल्या दोन हंगामांत क्रमांक बघू नका, बर्फावरचे दिवस मोजा.

आणि पहिल्या एफआयएस शर्यतीला निघताना कोचशी एक गोष्ट पक्की करा: पहिल्या रनला नव्वद टक्केच जोर लावायचा. एक गेट चुकलं, नुसतं एका स्कीचं टोक काठीच्या चुकीच्या बाजूने गेलं, तरी निकाल बाद आणि पॉइंट शून्य नव्हे, काहीच नाही. एका प्रकारातले दोन पूर्ण निकाल हाती आले की वीस टक्के उतरतात आणि पुढच्या शर्यतीत बिब नंबर वर सरकतो.